मालखान्यातला माइक-स्टँड

मित्रांनो, माझ्यावर एक गुन्हा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी माइकचा जुना लोखंडी स्टँड आहे. खाली नऊ किलोचा बिडाचा गोल पाया, त्यात पिळून बसवलेली नळी आणि वर माइक अडकवायचा चिमटा. सध्या मुक्काम बनारसच्या एका पोलीस ठाण्याच्या मालखान्यात. गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर मुकदम्याचा नंबर. शेजारी जप्त केलेल्या सायकली आणि गावठी दारूचे डबे, म्हणजे सोबत काही मिरवण्यासारखी नाही. मी आयुष्यभर लोकांचा आवाज उचलून धरला आणि एका दुपारी एका मुलाची बारा वर्षांची विद्या त्याच्या डोक्यातून पुसून टाकली. ते कसे झाले ते ऐका, आणि मध्येच उठू नका. अर्धवट ऐकून उठणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

माझा जन्म गंगेपलीकडचा, रामनगरचा. तिथल्या एका भट्टीत तुटका हातपंप आणि उसाच्या मोडक्या चरकाचे दात वितळवून माझा पाया ओतला. मिस्त्रीने वाळूचा साचा फोडून मला बाहेर काढले तेव्हा मी धड गारही झालो नव्हतो. त्याने पहिले काम काय केले, तर छिन्नी-हातोडा घेऊन माझ्या कडा झोडपून काढल्या. मार खातच मी या जगात आलो. गंमत अशी, की रामनगरच्या रामलीलेत माइक चालत नाही. पात्रे आपल्या गळ्याने बोलतात आणि हजारो माणसे चिडीचूप बसून ऐकतात. माझ्या जन्मगावालाच माझी गरज नव्हती, आणि त्याचा मला तेव्हा फार राग यायचा.

मला विकत घेतले विश्वेश्वरने. ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत त्याचे ‘विश्वेश्वर साउंड सर्विस’ नावाचे दुकान. माणूस पान खाणारा, कमी बोलणारा, पण सामानाला जपणारा. त्याच्यासोबत मी बारा-तेरा वर्षे बनारस पाहिले. मंचावर उभे राहणे म्हणजे मान, असे तुम्हाला वाटत असेल. एका वरातीत दारू प्यालेल्या वऱ्हाड्याने मला मिठी मारली आणि माझ्यासकट नाल्यात पडला. निवडणुकीच्या सभेत उमेदवारावर भिरकावलेला दगड माझ्या नळीवर आदळला, त्याची खूण अजून आहे. बिरहा या भोजपुरी लोकगीताच्या मुकाबल्यात हरलेल्या गायकाने मला अशी लाथ घातली, की माझा आटा कायमचा ढिला झाला. विश्वेश्वर दरवेळी मला उचलायचा, फडक्याने पुसायचा, ग्रीस लावायचा. मी मार पुष्कळ खाल्ला, पण कुणाला दिला नव्हता. या एका गोष्टीचा मला गर्व होता.

मग आले पंचाण्णव साल. दिवाळीच्या दिवसांत सकाळी मोठे सूर्यग्रहण दिसणार होते. मिर्झापूरच्या दक्षिणेला सूर्य पुरता झाकला जाणार होता आणि बनारसला थोडासाच उरणार होता. त्याआधी पाच दिवसांचा विज्ञान महोत्सव भरवायचा घाट मालविकाने घातला.

मालविका ब्रह्मा घाटावरच्या जुन्या मराठी घरातली. वडील नीलकंठराव बँकेत नोकरीला. आजोबा वासुदेवशास्त्री म्हणजे वेदाचे घनपाठी. घनपाठ म्हणजे वेदातले शब्द पुढे-मागे गुंफत, न चुकता, पुस्तकाविना म्हणायचे. घरातच त्यांची पाठशाळा. थोरला भाऊ मुकुल, आखाड्यात जाणारा, जिवाला जीव देणारा आणि नाकावर राग घेऊन फिरणारा. आणि पाठशाळेत देवव्रत. तो नगरकडच्या खेड्यातून दहाव्या वर्षी आला होता. आता बावीस वर्षांचा झाला होता आणि मार्गशीर्षात त्याची शेवटची परीक्षा होती. ती पार पडली की तो स्वतः घनपाठी झाला असता. त्याच्या बापाकडे जमीन नव्हती. जे काही होते ते या मुलाच्या डोक्यात होते.

महोत्सव एका शाळेच्या पटांगणात होता. सकाळी भाषणे, दुपारी चर्चा आणि संध्याकाळी करमणूक. एक गृहस्थ लिंबातून रक्त काढून दाखवायचे आणि मग त्याचे बिंगही फोडायचे. एका यंत्राला हात लावला की पोरांचे केस ताठ उभे राहत. त्या यंत्राची एक ठिणगी उडून माझ्या नळीला डसली आणि अख्खे पटांगण हसले. भिंतीला ग्रहणाची चाळीस पोस्टरे लावली होती. देवव्रत रोज दुपारी यायचा आणि पोस्टरांसमोर ओठ हलवत उभा राहायचा. तीन दिवसांत त्याने चाळीसच्या चाळीस पाठ केली. विश्वेश्वर त्याला परीक्षेवरून चिडवत म्हणाला, “का गुरु, इहो इम्तिहान में आई का?” देवव्रत लाजून हसला आणि पुढच्या पोस्टराकडे सरकला.

सगळे बिघडले ते मालविकाच्या एका चुकीने, आणि अशी चूक काशीतल्याच माणसाने करावी. चर्चेला लोक येईनात. भाषण सुरू झाले की रिकाम्या खुर्च्यांवर माकडे येऊन बसत. तेव्हा तिने चौथ्या दिवसाच्या पत्रकावर छापले, ‘विज्ञान शास्त्रार्थ : ग्रहण देखें या न देखें’. अध्यक्ष वासुदेवशास्त्री. एका बाजूने ती स्वतः, दुसऱ्या बाजूने देवव्रत. हरणाऱ्याने ग्रहणाचा दिवस जिंकणाऱ्याच्या पद्धतीने घालवायचा, अशी पैजही लावली.

काशीत शास्त्रार्थ म्हणजे गल्लीतल्या गवळ्यालाही ठाऊक असलेली गोष्ट. त्यात एक जिंकतो, एक हरतो, आणि ज्याला उत्तर सुचत नाही तो हरला. लोक कुस्त्यांची दंगल पाहायला यावेत तसे आले. हजारभर तरी असतील. एका बाजूला पाठशाळांचे विद्यार्थी आणि घाटावरची मंडळी, दुसऱ्या बाजूला मुकुलचे कॉलेजातले दोस्त. मंडपाच्या बांबूंना लोंबकळून माणसे बसली होती. मी मधोमध उभा होतो आणि माझा ढिला आटा थरथरत होता.

पहिला तास झकास गेला. मालविका काळ्या काचेचा चष्मा दाखवून बोलली. देवव्रतने शांतपणे सांगितले, की ग्रहणाचे सुतक पाळणे म्हणजे सूर्य संकटात असताना चूल विझवून त्याच्यासाठी थांबणे. दोघांनाही टाळ्या पडल्या. मग देवव्रतने मला हाताने धरले आणि तिच्याकडे वळून विचारले, “चौदह नंबर के पोस्टर पर लिखा है कि सूर्य की सतह छह हज़ार अंश गरम है, और ग्रहण में जो प्रभामंडल दिखता है, वह दस लाख। चूल्हे से दूर जाओ तो हाथ को ठंडा लगता है। यहाँ उल्टा क्यों है?”

मी त्याचा चेहरा वीतभर अंतरावरून पाहत होतो. त्याला जिंकायचे नव्हते. तीन दिवस तो प्रश्न त्याच्या मनात अडकून बसला होता आणि उत्तर कुणाकडे मागावे हे त्याला कळत नव्हते. मालविकाची पाळी आली. तिने मला घट्ट धरले.

“मालूम नहीं,” ती म्हणाली. “अब तक किसी को मालूम नहीं। खोज चल रही है।”

मग मागून कुणीतरी ओरडले, “निरुत्तर! हार गई!” आणि अर्धा मंडप उठला. शंख वाजले, गमछे उडाले. दुसरा अर्धा ओरडू लागला की हे उत्तरच आहे, जे ठाऊक नाही ते नाही म्हणणे हेच विज्ञान. वासुदेवशास्त्री खुर्चीवरून उठले. निर्णय द्यायचा होता, म्हणून काठी टेकत माझ्याकडे येऊ लागले. ऐंशीचे वय, मोतीबिंदूचे डोळे. खुर्चीपासून माझ्यापर्यंत दहा पावले होती.

तेवढ्यात एक चप्पल आली आणि मालविकाच्या तोंडावर बसली. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून कुडत्यावर ओघळले. पुढच्या रांगेतले लोक मंचावर चढू लागले. बांबू उपसले गेले, खुर्च्या उडू लागल्या, केस उभे करणारे काचेचे यंत्र फुटून त्याच्या ठिकऱ्या झाल्या. देवव्रत तिच्यासमोर गेला आणि दोन्ही हात पसरून गर्दीकडे तोंड करून उभा राहिला. “रुकिए, गुरुजी बोल रहे हैं,” तो सांगत होता. त्याचे कुणी ऐकले नाही.

मागून मुकुल आला. त्याने बहिणीचे रक्त पाहिले आणि तिच्यापुढे हात पसरलेला एक पाठमोरा माणूस पाहिला. दुसरे काही पाहिले नाही. त्याने माइक ओढून फेकला, मला नळीला धरून उचलले आणि दोन्ही हातांनी फिरवले.

मित्रांनो, मी हवेत असताना मला कळले होते. पण लोखंडाला थांबता येत नाही. माझा पाया देवव्रतच्या उजव्या कानामागे बसला. आत काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला, तो एवढा बारीक होता की मंडपात दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नसेल. तो गुडघ्यांवर आला, मग तोंडावर पडला. त्याचे रक्त माझ्या आट्यात शिरले. मुकुलने वाकून देवव्रतचे तोंड पाहिले आणि मला टाकून दिले. मालविकाने मुकुलला पाहिले. दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि त्यांच्या पायांशी देवव्रत पडला होता.

मग पोलिसांच्या लाठ्या आल्या. पळताना लोकांनी लोकांना तुडवले. त्या दुपारी सात डोकी फुटली आणि एका म्हाताऱ्या हलवायाचा हात मोडला. भिंतीवरच्या चाळीसपैकी एकही पोस्टर धड राहिले नाही. विश्वेश्वरने मला ताडपत्रीत गुंडाळून दुकानात आणले आणि शटर ओढले. नेहमीसारखे त्याने फडके हातात घेतले, माझ्याकडे पाहिले, आणि न पुसताच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आले की अज्ञात इसमाने हल्ला केला.

देवव्रत चार दिवस बेशुद्ध होता. पाचव्या दिवशी नीलकंठराव दुकानात आले. दाढी वाढलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

“विश्वेश्वर भाई, आप नाव से रामनगर जाते हैं न,” ते ताडपत्रीकडे पाहत हळू आवाजात म्हणाले. “उसे बीच धार में छोड़ दीजिए। लड़के की ज़िंदगी का सवाल है।”

“कौन से लड़के की, पंडितजी?” विश्वेश्वरने विचारले.

नीलकंठराव चष्मा सावरत निघून गेले. विश्वेश्वरने माझ्यावर आणखी एक ताडपत्री टाकली. ग्रहणाच्या स्नानाला घाटावर गर्दी होईल, तेव्हा कुणाच्या डोळ्यांवर न येता मला बुडवायचे, असे त्याने बायकोला सांगितलेले मी ऐकले. खरे सांगतो, मलाही तेच हवे होते. गाळात पडून राहिलो असतो तर कुणी काही विचारले नसते.

ग्रहणाच्या सकाळी विश्वेश्वर मला खांद्यावर घेऊन निघणार, तोच शटरखालून मालविका आत आली. ओठावर टाके होते. गळ्यात काळा चष्मा लटकत होता. वडिलांचे बोलणे तिने घरी ऐकले असावे.

“चाचा, स्टैंड दे दीजिए। थाने ले जाना है।”

“बिटिया, भाई है तुम्हारा।”

“दे दीजिए।”

“सूतक लगा है। ऐसे में कुछ दिया नहीं जाता।”

“तो आप मत दीजिए,” ती म्हणाली, “मैं उठा लेती हूँ।”

आणि तिने उचलले. नऊ किलो पाया, वर नळी. ती काही आखाड्यातली नव्हे. दहा पावलांवर खांदा बदलायची, भिंतीला टेकायची, पुन्हा निघायची. माझ्या कडेने तिचा खांदा सोलला गेला. गल्ल्यांत चुली बंद, दुकाने बंद, देवळांची दारे बंद. लोक एक तर घाटावर पाण्यात होते, नाही तर घरात. उजेड कमी-कमी होत पिवळट झाला आणि कुत्री गप्प झाली. एका कडुनिंबाखाली पानांतून पडलेल्या उन्हाच्या शेकडो चंद्रकोरी फरशीवर हलत होत्या. वर्षभर तिने ज्या ग्रहणाची वाट पाहिली होती ते डोक्यावर लागले होते. तिचे दोन्ही हात माझ्यात अडकलेले होते. तिने मान वर केली नाही.

ठाण्यात नोंदी लिहिणारा मुन्शी खुर्चीवर मांडी घालून माळ ओढत होता. “ग्रहण छूटने दीजिए, तब कलम उठेगी,” तो म्हणाला आणि डोळे मिटले.

ती मला घेऊन पायरीवर बसली. थोड्या वेळाने फाटकातून वासुदेवशास्त्री आले. ओलेते, धोतरातून पाणी ठिबकत असलेले, एकटेच काठी आपटत. विश्वेश्वरने घाटावर जाऊन त्यांना सांगितले असावे. ग्रहणातला जप त्यांनी जन्मात कधी सोडला नव्हता, तो आज सोडून आले होते.

“आजोबा, मला घरी न्यायला आला असाल तर मी यायची नाही,” ती म्हणाली.

“सरक थोडी. बसू दे मला.” ते तिच्याशेजारी टेकले. बराच वेळ धापा टाकत राहिले. मग म्हणाले, “काल दवाखान्यात गेलो होतो. त्यानं ओळखलं मला. पहिलं सूक्त म्हणायला घेतलं आणि तिसऱ्या ऋचेपाशी थांबला. मी पुढचा शब्द दिला. तर म्हणाला, ‘गुरुजी, हे मी कधी ऐकलेलं नाही.’”

मालविकाने कपाळ माझ्या नळीला टेकवले.

“तू हरली नव्हतीस त्या दिवशी,” शास्त्रीबुवा म्हणाले. “तेच सांगायला उठलो होतो. त्याला जाणून घ्यायचं होतं म्हणून त्यानं विचारलं. तुला ठाऊक नव्हतं, तू तसं सांगितलंस. अशा वादात कुणी हरत नाही, बाळ. फार जुना नियम आहे हा.”

“मग जागेवरूनच का नाही सांगितलंत?”

“माइकची वाट पाहिली मी.” त्यांनी काठी पायरीवर आपटली. “साठ वर्षं ह्याच गळ्यानं शिकवलं, आणि त्या दिवशी मला माइक पाहिजे झाला. दहा पावलं चालेपर्यंत सगळं होऊन गेलं.”

हळूहळू ऊन परतले. घाटाकडून शंख ऐकू आले, ग्रहण सुटले होते. मुन्शीने तोंडावर गंगाजल शिंपडले, रजिस्टर उघडले आणि दोघांना आत बोलावले. माझ्याकडे, माझ्या पायावरच्या काळ्या पडलेल्या डागाकडे त्याने पाहिले.

“किसने मारा? नाम?”

मालविकाने तोंड उघडले. ओठांवरचे टाके ताणले गेले, पण आवाज निघाला नाही. पुन्हा प्रयत्न केला.

“मुकुल,” शास्त्रीबुवा म्हणाले. “मेरा पोता है।”

मुन्शीने लेखणी वर उचलली. “पंडितजी, सोच लीजिए। एक बार चढ़ गया तो कटेगा नहीं।”

“लिखिए,” ते म्हणाले. “लड़की से मत पूछिए। मैं बता रहा हूँ।”

मालविका तिथेच फरशीवर बसली आणि मोठ्याने रडली. मुकुल त्याच संध्याकाळी स्वतःहून हजर झाला. मी मालखान्यात होतो, पलीकडून त्याचा आवाज ऐकला. आधी त्याने देवव्रत कसा आहे ते विचारले.

याला आता तीन वर्षे होत आली. मुकुल शिक्षा भोगतो आहे. माझ्या नळीचा मुलामा उडाला, आट्यात गंज चढला, उंदरांनी चिठ्ठी कुरतडली. झाडायला येणारी बाई ब्रह्मा घाटाकडे राहते. ती सांगते, की त्या घरातून पहाटे एक म्हातारा आणि एक तरुण आवाज येतो. म्हातारा एक शब्द म्हणतो, तरुण तो दोनदा म्हणतो, लहान मुलांना शिकवतात तसे. मालविका चहा घेऊन येते आणि दाराशी उभी राहून ऐकते. बारा वर्षांची ती शिकवणी आहे आणि म्हातारा त्र्याऐंशीचा आहे. मी हिशेब करत नाही.

मित्रांनो, एखाद्या दिवशी माझा लिलाव होईल आणि कुणीतरी मला पुन्हा मंचावर नेईल. तुमच्यापैकी कुणी नेले तर मला घासा, रंग द्या, ग्रीस लावा. ते नाही जमले तरी मी रागावणार नाही. एक गोष्ट मात्र करा. माझ्या पायाला चार भोके पाडा आणि जाड बोल्टांनी मला मंचाच्या फळीत घट्ट आवळून टाका. लहान मूल बोलायला आले की नळी खाली करा, उंच माणूस आला की वर करा. फक्त कुणाला कितीही राग आला तरी मला तिथून उचलता येणार नाही, एवढे बघा.